दात पांढरे करणे: कशाने उजळतात आणि कशाने नुसते झिजतात

दंतपंक्ती

दात पिवळे दिसण्याची दोन अगदी वेगळी कारणं आहेत. ती एकच समजली की उपाय चुकतो, म्हणून धागा तिथूनच सुरू करते.

पहिलं कारण, डाग दातावर बाहेरून बसलेले असतात. चहा, कॉफी, तंबाखू, लोहाची पातळ औषधं, क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश यांचे डाग या गटातले. दुसरं, रंग दाताच्या आतच असतो. इनॅमल हे बाहेरचं कवच अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं, आतून डेंटिनचा नवा थर चढत राहतो, आणि तो पिवळेपणा बाहेर झिरपून दिसायला लागतो. अशा दाताला घासून काहीच मिळत नाही. उलट जितकं घासाल तितकं कवच पातळ आणि दात आणखी पिवळा.

ओळखायचं कसं? दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ आरसा धरा. दात थुंकीने ओला असू द्या, कोरडा दात खोटा पांढरा दिसतो. डाग दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला किंवा खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला असतील आणि त्यांची कड स्पष्ट दिसत असेल, तर ते बाहेरचे. संपूर्ण दात एकसारखा पिवळसर असेल, हिरडीकडे गडद आणि टोकाकडे फिका, तर रंग आतला. सुळे शेजारच्या दातांपेक्षा पिवळे असतात ते नैसर्गिक आहे, त्यांच्यात डेंटिन जास्त असतं. आणि एकच दात राखाडी किंवा तपकिरी झाला असेल तर तो पांढरा करण्याचा विषयच नाही. कधीतरी मार लागून आतली नस मेलेली असू शकते. आधी एक्स-रे.

बाहेरच्या डागांना ब्लीच लागत नाही. दंतवैद्याकडे कीटण काढून पॉलिश केलं की बहुतेकांचं समाधान तिथेच होतं. म्हणून पहिली पायरी नेहमी सफाई. मग दोन आठवडे थांबा, खरा रंग पाहा आणि पुढचं ठरवा.

रसायनवही

आतल्या रंगावर काम करणारं रसायन मुळात एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचा रेणू इतका लहान असतो की इनॅमलमधून आरपार डेंटिनपर्यंत जातो आणि तिथल्या रंगीत सेंद्रिय रेणूंचे दुहेरी बंध तोडतो. तुटलेले तुकडे प्रकाश कमी शोषतात, म्हणून दात उजळ दिसतो. इथे काही खरवडलं जात नाही.

बाजारात दोन नावं दिसतात आणि टक्क्यांवरून फसगत होते. कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरियाला बांधलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. १० टक्के कार्बामाइडमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. म्हणजे १६ टक्क्यांचं कार्बामाइड जेल ६ टक्क्यांच्या पेरॉक्साइड पट्टीपेक्षा (दातांवर चिकटवायची जेल लावलेली पट्टी) 'तिप्पट जोरकस' नसतं, दोन्ही जवळपास सारखेच.

वेळेचा हिशेबही वेगळा. सुटं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक संपतं. कार्बामाइडची साधारण निम्मी ताकद पहिल्या दोन तासांत सुटते, उरलेली पुढचे काही तास हळूहळू. म्हणून पट्ट्या अर्धा तास आणि ट्रेमधलं (दातांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यातलं) जेल रात्रभर. पट्टी तीन तास ठेवून काही पदरात पडत नाही, हिरडी मात्र सोलवटते.

आणखी एक गोष्ट ठासून सांगतो: जास्त टक्केवारीने दात लवकर उजळतो, जास्त उजळत नाही. प्रत्येक दाताची एक मर्यादा असते. ती १० टक्क्यांच्या जेलने दोन आठवड्यांत गाठा किंवा ३५ टक्क्यांच्याने दोन-तीन बैठकांत, थांबायचं ठिकाण तेच. फरक पडतो तो सोसाव्या लागणाऱ्या कळांमध्ये.

साचेकार

ट्रेबद्दल मी लिहितो, कारण घरच्या ब्लीचिंगचं यश जेलच्या कंपनीपेक्षा ट्रेच्या मापावर अवलंबून असतं.

१९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी रात्रभर ट्रे घालून १० टक्के कार्बामाइड वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजही घरच्या उपायांत सगळ्यात जास्त अभ्यास झालेली पद्धत तीच. दंतवैद्य अल्जिनेटने (माप घ्यायच्या मऊ लगद्याने) दातांचं माप घेतो, प्लास्टरचा साचा ओततो आणि साधारण १ मिमी जाडीची मऊ प्लास्टिकची शीट गरम करून निर्वातावर त्यावर बसवतो. मग ती हिरडीच्या कडेबरोबर कापतात. कड बोटाने चाचपली तर कुठेही टोचता कामा नये. टोचत असेल तर ट्रे परत द्या आणि घासून घ्या. रोज सहा-सात तास तीच कड हिरडीवर राहिली तर जखम होतेच.

गरम पाण्यात बुडवून चावायचे तयार ट्रे मिळतात त्यांची अडचण अशी की ते सैल बसतात. सैल ट्रेमधून जेल बाहेर हिरडीवर येतं आणि थुंकी आत जाते. थुंकीत पेरॉक्साइड मोडणारी एन्झाइम्स असतात, त्यामुळे जेल दातावर काम करण्याआधीच निकामी होतं.

भरायची रीत:

आधी साध्या पेस्टने ब्रश आणि फ्लॉस. ट्रे आतून कोरडा. ज्या दातांना उजळवायचं (साधारण वरचे सहा ते आठ) त्यांच्या कप्प्यात पुढच्या, म्हणजे ओठाकडच्या भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढा एकेक ठिपका. तळाशी नाही, मागच्या भिंतीवर नाही. ट्रे बसवून बाहेरून बोटाने हलकं दाबा. कडेने जेल वर आलं तर ते कोरड्या मऊ ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या. दरवेळी पुसावं लागत असेल तर ठिपका मोठा होतोय. एका जबड्याला साधारण अर्धा मिली पुरतं.

१० टक्के कार्बामाइड रात्रभर, किंवा जागेपणी दोन ते चार तास. दोन आठवडे हा सर्वसाधारण काळ. आधी फक्त वरचे दात करा. खालचे जुन्या रंगाचे राहतात, त्यामुळे फरक पडतोय की नाही ते रोज समोर दिसतं, आणि कळा आल्या तर निदान अर्ध्याच तोंडात येतात.

प्रश्नचिन्ह

दोन प्रश्न. लिंबू-सोडा आणि कोळशाची पेस्ट, या दोन्हींनी दात दोन दिवसांत चकाकतात हे तर डोळ्यांना दिसतं. मग ते वाईट कसं? आणि दवाखान्यात दातांवर धरतात ते निळे दिवे खरंच काम करतात का?

हिरडीकाठ

@प्रश्नचिन्ह, दिसतं ते खरं आहे, पण काय दिसतं ते नीट पाहू.

लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते २.५ च्या आसपास. इनॅमल ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. लिंबू चोळल्यावर दात आंबतात ना, ती दाताची तक्रारच असते. आम्लाने पृष्ठभागाचा सूक्ष्म थर निघून जातो, त्याबरोबर डागही जातो, म्हणून पहिल्या दोन दिवसांत दात स्वच्छ वाटतो. पण पृष्ठभाग खडबडीत होतो. खडबडीत जागेवर पुढचे डाग आधीपेक्षा लवकर आणि घट्ट बसतात. मग माणूस परत लिंबू लावतो. इनॅमल पुन्हा उगवत नाही, त्यात पेशीच नसतात.

सोडा मिसळला की आम्ल मारलं जातं, हे अर्धंच खरं. फसफसून कार्बन डायऑक्साइड उडतो आणि मागे सोडियम सायट्रेट उरतं. ते दात पांढरे करत नाही. प्रमाणात लिंबू जास्त झालं तर मिश्रण आम्लीच राहतं, आणि वाटीत नजरेने हे कळत नाही.

कोळसा: सक्रिय कोळसा रंग 'शोषून घेतो' हा दावा पाण्याच्या गाळणीसाठी बरोबर आहे. दातावर दोन मिनिटं फिरवलेला कोळसा आत शिरून डेंटिनमधला रंग ओढून आणत नाही. तो फक्त घासतो, आणि किती खरखरीत घासतो हे उत्पादनागणिक बदलतं. २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये कोळशाच्या उत्पादनांचा आढावा आला होता. त्यांची सुरक्षितता किंवा परिणाम सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. शिवाय बारीक काळे कण फिलिंगच्या कडेला आणि हिरडीच्या खाचेत अडकून बसतात. दाताला आधी नव्हती ती काळी रेघ मिळते.

चूळखंड

सोड्याला सरसकट बदनाम करू नका. पेस्टचा खरखरीतपणा आरडीए नावाच्या अंकाने मोजतात. ७० च्या खाली सौम्य, १०० च्या वर जोरदार, आणि आंतरराष्ट्रीय मानकाने २५० ही वरची मर्यादा ठेवली आहे. नुसता खायचा सोडा या मोजपट्टीवर अगदी तळाशी येतो. तो इनॅमलपेक्षा पुष्कळ मऊ असतो आणि पाण्यात लगेच विरघळतो. बाहेरच्या डागांसाठी सोडा असलेली पेस्ट हा चांगला पर्याय आहे.

हिरडीकाठ

मान्य, माझं वाक्य लिंबू-सोड्याबद्दल होतं, एकट्या सोड्याबद्दल नाही. फक्त एक भर: नुसत्या सोड्यात फ्लोराइड नसतं. पेस्ट सोडून रोज सोडाच वापरला तर कीड लागण्याचा धोका वाढतो. फ्लोराइड असलेल्या पेस्टमध्येच सोडा असेल तर उत्तम.

आणि आरडीए डब्यावर बहुधा छापलेला नसतो. तो नाही कळला तरी एक गोष्ट हातात आहे: दाब. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा तीन बोटांत धरा, दाब आपोआप कमी होतो. हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं असेल तर 'व्हाइटनिंग' लिहिलेली खरखरीत पेस्ट त्या जागी नको. मुळावर इनॅमल नसतं आणि डेंटिन कितीतरी लवकर झिजतं. तिथे पाचरीसारखी खाच पडते, मग गार पाण्याची कळ कायमची.

निळसर किंवा जांभळ्या पेस्टबद्दल कोणी विचारायच्या आत: त्या पिवळ्या रंगावर निळ्याची झाक देतात. धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला नीळ देतात तसंच. काही तास दिसतं, जातं. नुकसान नाही, पण दात उजळला असंही नाही.

रसायनवही

दिव्याचं उत्तर: दीर्घकालीन रंगात दिव्याने फरक पडत नाही. दवाखान्यात ३५ टक्क्यांच्या आसपासचं जेल स्वतःच काम करतं. दिव्याच्या उष्णतेने दात सुकतो, आणि सुकलेला दात पांढरा दिसतो. खुर्चीतून उठताना आरशात दिसतो तो रंग म्हणूनच खरा नसतो. एक-दोन दिवसांत दात पाणी शोषतो आणि रंग थोडा मागे येतो. लोक म्हणतात 'उतरला'. उतरत नाही, तोच त्याचा खरा रंग. शेवटचा रंग दोन आठवड्यांनी मोजायचा.

मोजायचा म्हणजे अंदाजाने नाही. दंतवैद्याकडे १६ नमुन्यांची रंगपट्टी असते. नेहमी ती ए, बी, सी, डी अशी लावलेली असते, पण ब्लीचिंगसाठी उजळाकडून गडदाकडे लावून घ्यायला सांगा: बी १ सर्वात उजळ, सी ४ सर्वात गडद. सुरुवातीलाच नमुना दाताजवळ धरून फोटो काढा. तोच उजेड, दात ओला, ओठांना रंग नको. याशिवाय 'फरक पडला का' या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्याला फरक जाणवत नाही.

साचेकार

दवाखान्यातल्या प्रक्रियेत पाहण्यासारखी गोष्ट दिवा नसून हिरडीवरचं आवरण. ३५ टक्के पेरॉक्साइड हिरडीला भाजतं. म्हणून दात कोरडे करून हिरडीच्या कडेवर पातळ रेझिनची (प्लास्टिकसारख्या द्रव्याची) सलग पट्टी घालतात आणि ती प्रकाशाने कडक करतात. ती दाताच्या कडेवर अर्धा मिमी तरी चढलेली हवी, दातांमधल्या त्रिकोणी जागेत फट नको. मग जेल १५ ते २० मिनिटं, शोषून काढायचं, पुन्हा नवं, असं दोन-तीनदा. चालू असताना हिरडीला किंवा ओठाला चटका बसला तर सहन करत बसू नका, हात वर करा. जेल गळतंय हे त्या क्षणी फक्त तुम्हालाच कळतं. हिरडीवर पांढरा चट्टा पडला तर घाबरू नका, भरपूर पाण्याने धुतल्यावर हलका चट्टा काही तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर दाखवा.

ब्युटी पार्लरमध्ये दात पांढरे करून घेऊ नका. काही ठिकाणी पेरॉक्साइडचे नियम टाळायला क्लोरीन डायऑक्साइड वापरलं गेलं आहे. ते आम्ली असतं आणि दाताची चकाकीच घालवतं. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइड फक्त दंतवैद्याच्या देखरेखीखाली, आणि १८ वर्षांखालच्यांना नाही, असा नियम आहे. तो उगीच केलेला नाही.

प्रश्नचिन्ह

कळांबद्दल सांगा. बरेच जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडून देतात ते त्यामुळेच.

दंतपंक्ती

कळ येते कारण पेरॉक्साइड डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांतून नसेपर्यंत पोचतं. ती तात्पुरती असते, पण अचानक वीज चमकल्यासारखी येते, म्हणून माणूस घाबरतो.

सुरू करण्याआधी दोन आठवडे ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरा. हे नसेला बधिर करतं, नळ्या बुजवत नाही, त्यामुळे ब्लीचिंगच्या आड येत नाही. ब्लीचिंग चालू झाल्यावर कळ आली तर तीच पेस्ट ट्रेमध्ये भरून १० ते ३० मिनिटं घाला, मग ट्रे धुऊन जेल. ही युक्ती फार कमी लोकांना माहीत असते आणि ती खरोखर उपयोगी पडते. तरी कळ राहिली तर एक दिवसाआड करा. खाडा केल्याने शेवटचा रंग बदलत नाही, फक्त दिवस वाढतात. जोर लावून सलग करण्यात काही शहाणपण नाही.

मात्र कळ एकाच दातात, चावताना किंवा रात्री ठणकत असेल तर ती ब्लीचिंगची साधी कळ नाही. तडा, कीड किंवा गळणारं फिलिंग असू शकतं. जेल बंद करा आणि तपासा. हे सगळं आधी तपासूनच सुरुवात करायला हवी होती, हेही तितकंच खरं.

गरोदर असताना आणि स्तनपान चालू असताना हा उपाय पुढे ढकला, घाई कशाचीच नाही.

मुकुटधारी

ज्यांना पुढच्या दातांत फिलिंग, कॅप किंवा व्हिनिअर (दातावर पुढून चिकटवलेली पातळ चकती) आहे त्यांनी हे दोनदा वाचा: पेरॉक्साइड फक्त नैसर्गिक दाताला उजळवतं. कॅप होती त्याच रंगाची राहते आणि शेजारचे दात उजळले की ती उठून दिसते. म्हणून क्रम असा: आधी ब्लीच, मग किमान दोन आठवडे थांबायचं, मग नवीन रंगाशी जुळवून फिलिंग किंवा कॅप. दोन आठवडे केवळ रंग स्थिरावण्यासाठी नाहीत. दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट कडक होऊ देत नाही, आणि घाईने केलेलं फिलिंग लवकर निघतं.

रूट कॅनाल झालेला दात काळवंडला असेल तर बाहेरून जेल लावून फारसं साधत नाही. त्याला आतून ब्लीच करतात: मागच्या बाजूने दात उघडून, रूट कॅनालच्या भरावावर सुमारे २ मिमी सिमेंटचा बंद थर देऊन, त्यावर ब्लीच ठेवून तात्पुरतं बुजवतात आणि काही दिवसांनी बदलतात. तो सिमेंटचा थर महत्त्वाचा. तो नसेल तर रसायन मुळापर्यंत झिरपतं आणि काही वर्षांनी दाताचं मूळ हिरडीजवळ विरघळू लागण्याचा धोका असतो. दंतवैद्याला 'थर दिला का' असं विचारायला संकोच नको.

चूळखंड

पांढऱ्या ठिपक्यांचं कोणीच लिहिलं नाही. फ्लोरोसिसचे (लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडणारे) किंवा ब्रेसेसनंतर राहिलेले खडूसारखे डाग असतील तर ब्लीचिंगच्या पहिल्या आठवड्यात ते आणखी पांढरे दिसतात. इथेच लोक घाबरून थांबतात. पुढे आजूबाजूचा दात उजळला की फरक कमी होतो. उरलेल्या डागांसाठी मायक्रोअब्रेजन (वरचा अगदी पातळ थर घासून काढणं) किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशन हे वेगळे उपाय आहेत. दुसऱ्यात सच्छिद्र डागात पातळ रेझिन शिरवतात, त्यामुळे प्रकाश आजूबाजूच्या इनॅमलसारखाच जातो आणि डाग नजरेआड होतो. ड्रिल लागत नाही.

टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे राखाडी पट्टे मात्र चिवट. हे औषध दात घडत असताना कॅल्शियमला चिकटून बसतं, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ते शक्यतो देत नाहीत. त्या रंगाला ट्रेने दोन ते सहा महिने लागतात आणि हिरडीलगतचा पट्टा बहुधा शेवटपर्यंत थोडा गडद राहतो. हे आधीच माहीत असेल तर दुसऱ्या महिन्यात निराशा येत नाही.

प्रश्नचिन्ह

झाल्यावर किती टिकतं? आणि उरलेल्या जेलचं काय करायचं?

साचेकार

एक ते तीन वर्षं, सवयींवर अवलंबून. धूम्रपान चालू असेल तर धरूनच चाला की लवकर परतेल. चहा-कॉफी सोडायची गरज नाही. घोट-घोट दोन तास पीत बसण्यापेक्षा एकदाच प्या आणि नंतर पाण्याने चूळ भरा. आंबट काही खाल्लं-प्यायलं असेल तर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरने दिलेल्या दिवसांपुरतंच वापरा, पुढे चालू ठेवलं की तपकिरी डाग हमखास.

रंग मंदावला तर पुन्हा पूर्ण कोर्स लागत नाही. तोच ट्रे, तेच १० टक्क्यांचं जेल, दोन-तीन रात्री. म्हणून ट्रे जपून ठेवा: वापरल्यावर गार पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा, कोरडा करून डबीत. गरम पाण्याने तो वाकडा होतो आणि मग माप गेलं.

जेलची सिरिंज टोपण लावून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. मुदत संपलेलं जेल धोकादायक नसतं, पण त्यातलं पेरॉक्साइड बरंचसं मोडून गेलेलं असतं. वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. थंडगार जेल तसंच लावलं की कळ येते, आणि ती त्या गारव्याची असूनही दोष पेरॉक्साइडला दिला जातो.